हाकेला दिलेली ओ

उंबरदरा, ता. अकोले
१० नोव्हेंबर २०२४

गोजराक्का,

दिवाळीला तुम्ही संगमनेरहून कोणीच आला नाहीत. मी तुझ्या ओट्यावर पणती लावली. मांजर तुझंच आहे अजून, माझ्याकडे खातं आणि तुझ्या दारात झोपतं.

फोनवर तू येत नाहीस. तीनदा लावला. वाल्मिक म्हणतो, आई झोपलीय. दुपारी बाराला झोपलीय, संध्याकाळी पाचला झोपलीय, सकाळी दहालाही झोपलीय. पंचवीस वर्षं तुझी धाकटी जाऊ म्हणून राहिले, दिवसाउजेडी तुझी पाठ कधी जमिनीला लागलेली पाहिली नाही. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. तुझी नात आहे ना, ज्ञानेश्वरी, ती वाचून दाखवेल. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले, गावभर लोकांचे अर्ज लिहून दिले, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. आपल्या दोघींच्या दारांत सहा पावलांचं अंतर.

पाय कसा आहे? वाडीत बनुबाई म्हणते, बोटं काढली. कोणी म्हणतं, अर्धा पंजाच काढला. वाल्मिक मला नीट काही सांगत नाही. साखर वाढलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही हे मलाही कळतं, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं.

त्या रविवारचं तुझ्या मनात काय बसलंय ते मी ओळखून आहे. पण अक्का, तूच सांग, आषाढातल्या रविवारी आपल्या वाडीत कोणाला काय ऐकू येतं? गाड्यांचे हॉर्न, गाड्यांमधली गाणी, वर कड्यावरून कोसळणाऱ्या धारेचा आवाज. माझ्या टपरीपुढे ही गर्दी. कणसं भाज, भजी काढ, चहा ठेव, बायकांना आडोसा दाखव. तुझी हाक माझ्यापर्यंत आलीच नाही. आली असती तर मी थांबले असते का?

आणि मी एकटीच नव्हते. अकरा घरांची वाडी, त्या दिवशी एकही घर सावडीला गेलं नाही. मग बोट माझ्याकडेच का?

ज्ञानेश्वरी, तू संगमनेरला वाढलीस म्हणून सांगते. भात लावायला, म्हणजे आवणीला, आम्ही मजूर लावत नाही. आज सगळ्यांनी मिळून माझं खाचर लावायचं, उद्या तुझ्या आजीचं, परवा बनुबाईचं. ही सावड. ज्याचा दिवस असेल त्याने सकाळी बांधावर उभं राहून घराघराचं नाव घेऊन हाक मारायची. ज्याला यायचंय त्याने जागेवरून ओ द्यायची. निदान एक ओ आल्याशिवाय कोणी चिखलात उतरत नाही. वरून पाणी कधी लोंढ्याने येईल, पायाखाली काय निघेल, सांगता येत नाही. एकटीने उतरायचं नाही, हा नियमच आहे.

खाचराची काळजी करू नकोस, अक्का. माझं लक्ष आहे.

तुझी
जया


२ फेब्रुवारी २०२५

गोजराक्का,

पत्र मिळालं का, एवढं तरी कळव. दूधवाल्या टेम्पोबरोबर खुरासणी आणि हुलगे पाठवले होते. टेम्पोवाला म्हणाला, घरात घेतले. घेतले म्हणजे राग थोडा उतरला असं मी धरून चालते. तसं नसेल तर हुलगे परत पाठव, निदान तेवढ्यासाठी तरी काही पाठवशील.

इकडची हकीकत सांगते. आपल्या धारेचं नाव आता ‘हिडन वॉटरफॉल’ झालंय. मोबाईलवर कोणीतरी तसं टाकलं. इतकी लपलेली धार आहे की पावसाळ्यात रविवारी गाड्यांची रांग पार घाटापर्यंत जाते. आता हिवाळ्यात धार आटली तर तंबूवाले येतात. डिसेंबरच्या शेवटी तर असा धिंगाणा होता की बनुबाईची गाभण शेळी दावं तोडून पळाली, ती दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या पल्याड सापडली.

झऱ्यावर अंघोळीला आता कोणी बाई जात नाही. एक दिवस डोक्यावर ते उडतं यंत्र येऊन घोंघावत उभं राहिलं. आम्ही चौघीजणी होतो, अंगावर ओलं लुगडं. बनुबाईने दगड भिरकावला. लागला नाही, पण यंत्रवाला पोरगा खालून ओरडला, “मावशी, महाग आहे!” बनुबाई म्हणाली, “आन आमी काय फुकटच्या हाय का रं?” तेव्हा खूप हसलो. घरी आल्यावर कोणी हसलं नाही. आता पहाटे कळशीभर पाणी आणून मोरीत अंघोळ करतो. पंचवीस वर्षं त्या झऱ्यावर आपण दोघी एकमेकींची पाठ घासत आलो. तिथे आता पाटी आहे, ‘नॅचरल पूल’.

तू म्हणशील, मग कशाला करता हे? अक्का, नारायणगाव तू विसरली नाहीस ना? दर दिवाळीनंतर मुलांना पाठीशी बांधून जायचो, पहाटे बाजारात मजूर म्हणून उभं राहायचो, आणि मळेवाले बैल निवडतात तसे दंड बघून निवडायचे. मला एकदा कोणी घेतलंच नाही, तेव्हा तू म्हणालीस, “हिला घेत असाल तर मी येते, न्हाईतर न्हाई.” गेली तीन वर्षं आम्ही नारायणगावला गेलो नाही. हे टपरीने आणि तंबूंनी दिलं. ते मी कसं नाकारू? मला त्या बाजारात पुन्हा उभं राहायचं नाही.

पण एक सांगते. वरच्या खाचरात आम्ही तंबूंसाठी जागा सपाट केली, तेव्हापासून घरचा भात संपला. आम्ही रेशनचा तांदूळ खातो, आणि पाहुण्यांना गावरान जेवण म्हणून घोटीच्या बाजारातून आणलेला तांदूळ वाढतो. ते बोटं चाटतात आणि विचारतात, “मावशी, हा तुमच्या शेतातला ना?” मी हो म्हणते.

तुझ्या खाचरात रविवारी चार-दोन गाड्या लागतात. पीक नाही म्हणून. पेरणीच्या आधी हलवायला सांगते.

जया


६ एप्रिल २०२५

गोजराक्का,

बनुबाई तुला भेटून आली. काठीशिवाय तुला उभं राहता येत नाही, असं सांगत होती. माझं नाव निघालं की तू पदर सारखा करतेस आणि दुसरंच काही बोलतेस, हेही सांगितलं. तिने तुला खाचराचंही सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि या वेळी राहू नये हेच बरं.

तर मीच सांगते. चार-दोन गाड्या नाहीत. तुझं खाचर भरून गाड्या लागतात. चिखलात चाकं रुततात म्हणून मुरूम टाकला. आत शिरायला वाट पाहिजे म्हणून खालच्या अंगाचा बांध फोडला. तुझ्या धाकट्या दिरानेच, म्हणजे आमच्या ह्यांनी, लहानूंनी, ट्रॅक्टर आणला. मी म्हटलं, अक्काला विचारा. ते म्हणाले, “भावाचं शेत, घरचंच तर हाय. इचारायचं काय त्यात?” मी पुढे बोलले नाही. मला वाटलं, तू परत यायच्या आत उचलू.

हे लिहायला बसले तेव्हा एवढंच लिहायचं ठरवलं होतं. पण इथे थांबले तर पुन्हा नोव्हेंबरसारखंच होईल.

अक्का, मी तुझी हाक ऐकली होती.

ज्ञानेश्वरी, बाळा, हे मनातल्या मनात वाचून पुढे जाऊ नकोस. आजीला मोठ्याने वाचून दाखव. तिला राग आला तरी चालेल.

सकाळचे साडेआठ झाले होते. तू बांधावर उभी राहून एकेक घराचं नाव घेत होतीस. आधी बनुबाईचं, मग खालच्या आळीचं, मग माझं. “जयेऽ, चल गंऽ!” मी कढई ठेवलेली, पुढे मुंबईची दहा-बारा पोरं, त्यांना घाई. मी कढईवरून मान वर केली आणि ओ दिली. “आले गंऽ!” रोजची सवय. तू हाक मारायची आणि मी ओ द्यायची, त्याला विचार करावा लागत नाही. आणि खरंच मला यायचं होतं. हा एक घाणा काढते आणि जाते, असंच मनात होतं.

मग आणखी एक गाडी आली. मग आणखी एक.

वाडीतल्या बाकी कोणी ओ दिली नाही. त्यांना यायचं नव्हतं, ते गप्प बसले. मीही गप्प बसले असते तर तू काय केलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. शिव्या घालत घरी आली असतीस, माझ्या टपरीवर येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझी शोभा केली असतीस, आणि खाचर राहिलं असतं तसंच. चिखलात एकटी उतरली नसतीस. माझ्या ओ वर तू उतरलीस.

साडेदहाला मी खाली बघितलं, तू वाकलेली दिसलीस. बरं वाटलं मला, काम चालू आहे म्हणून. साडेअकराला बघितलं तर तू बांधावर बसलेली. म्हटलं, पान खात असेल. तू हात हलवलास. मीही हलवला. अक्का, मीही हात हलवला! आणि पुन्हा कणसं भाजायला वळले.

बारा वाजून गेल्यावर बनुबाई शेळ्या घेऊन खाली गेली, तिच्या ओरडण्याने मला कळलं. मी धावत आले तेव्हा चिखलाचं पाणी तांबडं झालं होतं. तुझ्या पायात बाटलीचं फुटकं बूड, हिरव्या काचेचं. आदल्या दिवशी बांधावर बसलेल्यांनी टाकलेलं. त्यांना मीच तिथे बसायला सांगितलं होतं, तिथून धार चांगली दिसते म्हणून. तू पदर फाडून पाय बांधला होतास आणि उरलेल्या रोपाच्या जुड्या सावलीत ओळीने मांडून ठेवल्या होत्यास, सुकू नयेत म्हणून. माझ्याकडे बघून तू एवढंच म्हणालीस, “आलीस व्हय?”

पुढे राजूरच्या दवाखान्यात जाताना गाड्यांच्या रांगेत आपली जीप तीन तास अडकली. त्याचा दोष मी आजपर्यंत सगळ्यांना देत आले. रस्ता, गर्दी, पोलीस नाहीत, नगरहून कोणी साहेब येऊन बघत नाही. ते सगळं खरंच आहे. पण ते सगळं मी पुढे केलं, कारण त्याच्या आड मला उभं राहता येत होतं.

माफ कर असं लिहिणार होते. ते तुला तोंडावर सांगायला पाहिजे, आणि तू फोनवर येत नाहीस.

जया


२० मे २०२५

गोजराक्का,

तुझ्या खाचरातला मुरूम मी उचलतेय. आजचा अकरावा दिवस. पाटीने भरते आणि ओढ्याच्या कडेला टाकते. बांधाचं भगदाड दगड रचून बुजवलं, त्यावर चिखल लिंपला. तू लिंपतेस तसं गुळगुळीत नाही झालं, पण पाणी धरेल.

घरात यावरून मोठी भांडणं झाली. हे म्हणाले, “काजवं बघायला लोकं येत्याल आता, गाड्या कुठं लावायच्या? तुझ्या डोक्यावर?” मी म्हटलं, लावा. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुझे दीर पहार घेऊन आले आणि जिथे चाकांनी दाबून जमीन दगडासारखी झाली होती, तिथे उकरायला लागले. तसे ते वाईट नाहीत, हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. नारायणगावच्या बाजारात त्यांचीही खूप वर्षं गेली, म्हणून गाडी दिसली की त्यांना दुसरं काही दिसत नाही.

काचा किती निघाल्या म्हणून सांगू? निवडून गोणीत भरल्या. अर्धी गोणी झाली. आपण अनवाणी उतरायचो तिथे.

एक मागायचं आहे. तुझ्या घरात कणगीत रायभोग भाताचं बी आहे, राखेत आणि निरगुडीच्या पाल्यात ठेवलेलं. वाडीत आता दुसऱ्या कोणाकडे रायभोग उरलेला नाही. बी दोन वर्षांचं झालं की उगवायचं राहतं, हे तूच सांगायचीस. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक आहे, पण तुझ्या घराला मी तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. खाचराच्या वेळी नाही विचारलं, आता विचारते. रोपासाठी वाफ्यावर राब भाजून ठेवलाय. तू घे म्हणालीस तर रोप टाकते. आवणीच्या दिवशी तुला बांधावर खुर्ची टाकून बसवीन. बसल्या जागेवरून ओरड आमच्यावर, ओळ वाकडी गेली म्हणून.

ज्ञानेश्वरी, आजी काय म्हणते ते माझ्या फोनवर टाक. एक शब्द असला तरी चालेल.

जया


९ जुलै २०२५

गोजराक्का,

ज्ञानेश्वरीचा निरोप आला होता. ‘घे म्हणते.’ एवढंच. दोन शब्द. मी ते लहानूंना दाखवले, बनुबाईला दाखवले, टपरीवर आलेल्या एका पाहुणीलासुद्धा दाखवले. तिला काय कळणार, पण ती म्हणाली, “वा, छान.”

कणगी उघडली तर घरभर वास सुटला. बी पाण्यात टाकलं, पोकळ होतं ते तरंगलं, वरचं काढून टाकलं. आमच्या परड्याच्या कोपऱ्यात राब भाजला होता, तिथे टाकलं. चांगलं हिरवंगार रोप आलंय, वीतभर वर.

हे पत्र मी त्या आनंदात लिहायला घेतलं होतं. काल सकाळी ते अर्धं राहिलं, कारण काल जेसीबी आला.

खालच्या कॅम्पचा ठाण्याचा मालक आहे ना, त्याची माणसं होती. मी पुढ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, हे अक्काचं शेत आहे, यात आवणी व्हायची आहे. त्यांनी कागद दाखवला. दहा वर्षांचा करार. वाल्मिकची सही, आणि खाली तुझा अंगठा.

मी वाल्मिकला फोन लावला. खूप बोलले, बोलू नये ते बोलले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, “काकू, आईला धड उभं राहता येत न्हाई. मी हितं डेअरीत. शेत कोन करनार? तू करनार का? तवा आलीस का तू?” पोरगा चुकीचं काही बोलला नाही. पुढे म्हणाला, “तसंबी तुमी गाड्या लावतच हुता की. मंग आमी कागद करून लावल्या तर बिघडलं कुठं?”

तू अंगठा समजून लावलास की वाल्मिकने सांगितलं म्हणून लावलास, मला कळायला मार्ग नाही. बी घे म्हणालीस तेव्हा करार झाला होता का व्हायचा होता, तेही मला माहीत नाही. झाला असेल, तर शेत नाही हे माहीत असूनही तू बी दिलंस. यावर मी कालपासून विचार करतेय.

एका दिवसात त्यांनी पुन्हा मुरूम पसरला. माझे अकरा दिवसांचे आणि नंतरचे कितीतरी दिवसांचे ढीग, ओढ्याच्या कडेला होते, तेच उचलून आत टाकले. बांध सगळाच काढला. आता तिथे खाचर होतं असं नवीन माणसाला सांगावं लागेल.

मी आता कोणाला दोष देत नाही. गाड्या आत शिरतात ती वाट आम्हीच त्यांना दाखवली. आम्ही नुसता बांध फोडला होता, त्यांनी कागद केला.

रोप तेवढं राहिलंय. पंचवीस दिवसांचं झालंय. फार दिवस थांबता येणार नाही.

जया


२० जुलै २०२५

गोजराक्का,

आज रविवार. बरोबर एक वर्ष झालं. टपरी आज बंद होती.

गुरुवारी मी आमच्या वरच्या खाचरातले चार तंबू काढले. बाकीचे चार आहेत तसेच आहेत. सगळे काढले असं लिहिलं तर खोटं होईल, आणि तुला आता खोटं लिहायचं नाही. लहानू दोन दिवस तणतण करत फिरले. काल कुठूनतरी बैलजोडी आणली आणि चिखलणी करून दिली. औत धरून माझ्याकडे न बघता म्हणाले, “वैनीचा रायभोग हाय म्हनून करतोय. तुझ्यासाठी न्हाई.”

सकाळी साडेआठला मी बांधावर उभी राहिले. खाली रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न चालू होते. मला लाज वाटली. वर्षभरात वाडीत कोणी हाक मारली नव्हती, आता मजूर नाहीतर यंत्र. म्हटलं, लोक हसतील. तरी मारली. अकरा घरांची नावं घेतली, तुझ्या बंद घराचंही घेतलं. म्हटलं, “चला गंऽ, गोजराक्काचा दिवस हाय!”

खालच्या आळीतून कोणी विचारलं, “गोजराबाईचा? ती कुठाय हितं?” मी म्हटलं, गेल्या वर्षीचा राहिलेला दिवस आहे.

पहिली ओ बनुबाईची आली. मग बराच वेळ कोणी नाही. मग खालच्या आळीतली अश्विनी, तीच, जिच्या लग्नात तू हळद दळली होतीस. तिची ओ आली. मग आणखी एका घराची. अकरा घरांतून तीन. चौघीजणी उतरलो. आधी चिखल हाताने चाचपून बघितला, कुठे काच नाही ना. एवढं रोप चौघींना जड गेलं, दुपारचे तीन वाजले. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी केली होती. दोन पाहुणे बांधावर येऊन फोटो काढायला लागले, तर बनुबाईने चिखलाचा हात वर करून त्यांना जवळ बोलावलं. ते आले नाहीत.

ओळी वाकड्या गेल्यात. तू असतीस तर उपटून पुन्हा लावायला लावल्या असत्यास.

आता शेवटचं. दहा वाजता माझा फोन वाजला. मी कमरेत वाकलेली, हात चिखलाने भरलेले. लहानूंनी माझ्या कानाला लावला. ज्ञानेश्वरी होती. म्हणाली, “धाकटी आजी, बोल, मोठी आजी ऐकतेय.” मग पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. तुझाच. पंचवीस वर्षं मी तो ऐकलाय, डोक्यावर भारा घेऊन चढ चढताना तू असाच श्वास घ्यायचीस.

मला माफी मागायची होती. वर्षभर घोकून ठेवलं होतं. पण चिखलात उभी होते, आजूबाजूला रोपाच्या जुड्या होत्या, तर तोंडातून दुसरंच निघालं. मी हाक मारली. “अक्काऽ, चल गंऽ, तुझा दिवस हाय!”

तू काही बोलली नाहीस. मग फोन बंद झाला.

अश्विनी म्हणाली, बघा, अजून राग गेला नाही. बनुबाई म्हणाली, निदान हूं तरी करायचं. मी पुढची जुडी सोडली. त्या दोघींना नाही कळलं, मला कळलं. तू रागाने गप्प राहिली नव्हतीस. तुला यायचं नाही, येता येणार नाही, म्हणून तू ओ दिली नाहीस.

बरोबर केलंस, अक्का. यायचं नसेल तर ओ देऊ नये. एवढं मला गेल्या वर्षी कळायला हवं होतं.

भात कापला की पहिला तांदूळ टेम्पोने पाठवते. घरात घे.

तुझी
जया